लाल नसलेला डोळा

१२ जानेवारी

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

सात महिने तुला पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागते. कारण म्हणून प्रयोगशाळेतलं काम, घर, भिंगरीचा गुडघा असं काहीही लिहिता येईल आणि त्यातलं एकही खोटं ठरणार नाही. पण माझ्या सबबी तू लांबूनही ओळखतोस. म्हणून नुसतीच माफी.

भिंगरीचं सांगते. तिला गुडघ्याचा संधिवात आहे हे तुला ठाऊकच आहे. गुडघ्याची सूज आता बरीच उतरलीय, ती जिने चढते. पण निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, की या आजारात मुलांचे डोळे आतून सुजू शकतात, काही होत नसलं तरी दर तीन महिन्यांनी तपासून घ्या. मी दोन तारखा चुकवल्या. नोव्हेंबरात शाळेत सगळ्या मुलांचे डोळे तपासले. उजवा डोळा झाकल्यावर तिला तक्त्यावरची तिसरी ओळ वाचता येईना. बाईंनी विचारलं, कधीपासून असं दिसतं? तर म्हणाली, "माझा डावा आळशीच आहे, उजवा हुशार आहे." तिला वाटत होतं, सगळ्यांचे डोळे असेच असतात.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि डावा डोळा दोनदा तपासला. डाव्या डोळ्यात सूज आहे, निदान सहा महिन्यांची. बाहुलीची कड मागच्या भिंगाला जागोजागी चिकटलीय, त्यामुळे ती गोल राहिलेली नाही, कुरतडल्यासारखी दिसते. मोतीबिंदूची सुरुवात आहे. नऊ वर्षांच्या मुलीला मोतीबिंदू, हे मला दोनदा विचारून खात्री करून घ्यावं लागलं. सध्या तासातासाला थेंब आणि आठवड्याला मांडीत एक इंजेक्शन चालू आहे. थोडी नजर परत येईल, सगळी नाही, असं बाईंनी सरळ सांगितलं. सरळ सांगितलं ते बरं वाटलं.

आता तुझं. घरात आणखी कोणाला असं आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझ्याबद्दल बोलले. तरुणपणापासून मामाचा डोळा वरचेवर लाल होतो, अजूनही थेंब घालतो, असं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. वय काय, म्हणाल्या. एकाहत्तर. आणि तपासतं कोण?

म्हणून विचारते. तुझे डोळे शेवटचे कोणी तपासले, आणि कधी? बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल, एवढं लिही.

तुझी भाची


२१ जानेवारी

चि. कारकून,
अनेक आशीर्वाद.

सात महिन्यांनी पाकीट आलं तेव्हा मला वाटलं, कोणी गेलं की काय. उघडायच्या आधी चहा घेऊन बसलो.

भिंगरीचं कळल्यावर त्या दुपारी दुकान उघडलं नाही. पण मला एक उमगत नाही. जूनमध्ये तू विचारलं होतंस तेव्हा मी तुला स्वच्छ लिहिलं होतं: डोळा लाल नाही, दुखत नाही, म्हणजे डोळा बरा. उगाच पोरीला दवाखान्याच्या बाकावर बसवू नकोस. हे मी वाऱ्यावर बोललो नव्हतो. अडतीस वर्षं हा पाहुणा माझ्याकडे येतोय आणि दार वाजवल्याशिवाय एकदाही आलेला नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी तेहतीसचा होतो. रात्री चांगला झोपलो आणि सकाळी उजवा डोळा असा, की तुझी मामी मला बघून मागे सरली. उजेड सुईसारखा टोचायचा, कानशिलापर्यंत ठणका. आठ-दहा दिवस थेंब घातले की पुन्हा टेबलावर. मग वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तेच. इतकं वाजवून येणारं दुखणं पोरीच्या डोळ्यात सहा महिने गप्प बसेल? त्या बाईंनी नीट पाहिलंय ना? आणि एवढ्याशा जिवाला आठवड्याला सुई कशाला? माझं थेंबांवर भागलं. दुसऱ्या कोणाला तरी दाखव, असं मला वाटतं.

माझं काही विचारू नकोस. अडीच वर्षांत डोळा एकदाही लाल नाही. तरी खबरदारी म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालतो, औषधवाला मला बघितलं की न विचारता बाटली काढतो. लेडीज घड्याळं दुरुस्तीला घेणं बंद केलंय, इतके बारीक स्क्रू आता कोण उचलत बसणार. भिंतीवरची घड्याळं आणि गजर, एवढंच. बाकी तक्रार एकच, चष्म्याची. काचांवर सारखे डाग. पुसून पुसून कापड विरलं, तरी डाग तिथेच. नंबर बदलला असणार.

भिंगरीला पापा.

मामा

ता. क. अक्षर मोठं आलंय, कारण पेन नवीन आहे.


४ फेब्रुवारी

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

तुझं जूनचं वाक्य मला पुन्हा सांगायची गरज नव्हती. ते कापून मी एका वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं होतं. आता सगळं सांगते.

वीस जूनपासून मी रोज सकाळी भिंगरीचे डोळे टॉर्चनं बघायचे आणि वहीत लिहायचे, शेवटी तुझी कारकूनच मी. चार रकाने होते: लाली, पाणी, दुखणं, उजेडाचा त्रास. हे चार मी तुझ्या पत्रातूनच घेतले होते. अठरा नोव्हेंबरपर्यंत एकशे बावन्न नोंदी आहेत आणि चारही रकान्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. त्या शून्यांच्या जोरावर मी दोन तारखा सोडल्या. प्रयोगशाळेत नवीन यंत्र बसत होतं, रजा मागणं जिवावर आलं होतं, आणि वही सांगत होती की ठीक आहे. वहीत चूक एकही नव्हती, मामा. डोळा खरंच पांढरा होता. मी मोजत होते तेच चुकीचं होतं.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू? माझं कामच पाणी तपासण्याचं. बाटलीतलं पाणी उजेडात धरून "अहो, काचेसारखं स्वच्छ आहे" म्हणणारा माणूस महिन्यातून एकदा तरी येतो. त्याला मी खुर्ची देते, दोन दिवस थांबायला सांगते, आणि बशीत उगवलेले जंतूंचे ठिपके दाखवते. आणि घरी मी डोळा उजेडात धरून रंग बघत बसले.

दोष तुझा नाही. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलंय. कारण ते लिहिताना हात थांबतो, आणि का थांबतो हे तुला सांगितलं नाही तर तेही लपवणंच. सात महिन्यांतले पहिले पाच आळसाचे होते. पुढचे दोन रागाचे. तारखा मी चुकवल्या, बजावलेलं मी विसरले, तरी राग तुझ्यावर काढला, कारण तू लांब होतास. आता राग नाही. दोष तुझा नाही.

तू विचारलंस, हे दुखणं पोरीत गप्प कसं बसलं. मीही बाईंना हेच विचारलं, तुझ्यापेक्षा जरा उद्धटपणे. त्या म्हणाल्या, नाव एकच असतं, डोळ्याच्या आतली सूज, पण वयाप्रमाणे तिची तऱ्हा बदलते. भिंगरीसारख्या संधिवाताच्या मुलांत ती बहुधा चोरपावलांनी येते. ना लाली, ना ठणका. मुलांना सांगताही येत नाही, एक डोळा मंदावला तर ती दुसऱ्यावर भागवतात. म्हणून फक्त यंत्राखाली सापडते. थेंब एकटे पुरत नाहीत, फार दिवस घातले तर डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून ते इंजेक्शन. ऐन तिशीत येते ती तुझी, वाजतगाजत येणारी, बरेचदा पाठदुखीच्या सोबत. तुझी पाठ सकाळी धरायची ना?

आणि साठीनंतर जी येते तिला वेगळा हिशेब लावावा लागतो. लाली नाही, धुकं दिसतं, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात, थेंबांनी थोडं बरं वाटतं पण जात नाही. अशा वेळी ही खरंच सूज आहे की दुसऱ्या कशाचं सोंग, हे आधी शोधतात. कधी आत जंतू असतात. क्वचित रक्तपेशींचा कर्करोग असतो, जो डोळ्यात अगदी सुजेसारखा दिसतो. हे त्या तुझ्याबद्दल बोलल्या नाहीत, त्यांनी तुला पाहिलेलं नाही. पण घरी येऊन मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. चष्म्यावरचे डाग वाचले. "अडीच वर्षांत लाल नाही" हे तू खुशाली म्हणून लिहिलंयस, आणि मला त्याचीच भीती वाटली.

एक कर. दुकानात बसल्या जागी एकेक डोळा झाक आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघ. काय दिसलं ते जसंच्या तसं लिहून पाठव.

तुझी भाची


२९ मार्च

चि. कारकून,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हात दुखतो म्हणून हे पत्र शेजारच्या शिंप्याकडून लिहून घेतोय. भला माणूस आहे, अक्षर मात्र त्याच्या काजांसारखं आहे, सांभाळून घे.

तुझं पत्र पोचलं. यापुढे मी कोणाला सल्ला देणार नाही, घड्याळाचाही नाही. भिंगरीला सुई दिलीस ते योग्य केलंस. माझं ऐकून थांबली नाहीस हे फार बरं झालं.

माझी तब्येत उत्तम. घड्याळ नीट दिसतं. काळजी नसावी.

मामा

ताई, वरचं सगळं ते बोलले तसं लिहिलं. इथून खालचं माझं आहे. पाकीट मीच टाकणार आहे, तेव्हा त्यांना कळायचं नाही.

हात ठणठणीत आहे. दिसत नाही त्यांना. उजव्यानं तर अजिबात नाही म्हणा, डाव्यानं सावल्या. बोटांनी चाचपून काम करतात. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच घड्याळाचं झाकण बसवून दिलं, तो माणूस चांगला होता म्हणून भांडण झालं नाही. रस्ता ओलांडायला मी जातो बरोबर. ते म्हणतात, "तू कशाला, मी काय म्हातारा झालोय?" मी म्हणतो, मला पण पलीकडेच जायचंय.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. परक्याचं पत्र वाचणं बरं नाही, पण दुसरा इलाज नव्हता. "दोष तुझा नाही" याच्यावर थांबवलं मला. पुन्हा वाच म्हणाले. मग आणखी एकदा. नंतर भिंतीवरच्या घड्याळाचं आलं, तेव्हा उठून दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आत बसून राहिले. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या शब्दावर पोरीचा डोळा गेला. आता माझा राहिला काय आणि गेला काय." मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा. मी मोठ्यानं वाचून दाखवीन.

शिंपी


३ एप्रिल

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुला वाचून दाखवलं जातंय, हे मला माहीत आहे. शिंपीदादांवर रागावू नकोस. त्यांनी केलं ते मी भिंगरीसाठी करायला हवं होतं: वेळेवर दुसऱ्या कोणाला तरी सांगणं.

तुझा डोळा गेला तर भिंगरीला तक्त्यावरची एक ओळही जास्त दिसणार नाही. मी हे पुष्कळ बाजूंनी विचार करून पाहिलं, कारण तू म्हणतोस ते मीही म्हणत होते. डिसेंबरात मी महिनाभर माझ्या दातांचं दुखणं कोणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं, मला आता दुखायलाच हवं. शेवटी भिंगरीनंच विचारलं, "आई, तू एका बाजूनं का चावतेस?" तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. उलट ती घाबरली होती.

तुझ्यासाठी एकोणीस एप्रिलला सकाळी दहाची वेळ घेतलीय. थेंबांच्या रिकाम्या बाटल्या असतील तेवढ्या घेऊन ये, बाईंना बघायच्या आहेत.

खालची चिठ्ठी भिंगरीची आहे. मी सुधारलेली नाही.

तुझी भाची

मामाआजोबा, मला डाव्या डोळ्यानं आता पाचवी ओळ दिसते, पण शेवटचं अक्षर मी अंदाजानं सांगितलं आणि ते चुकलं. सुई टोचतात तेव्हा मी शंभरपासून उलटं मोजते. ब्याण्णवला संपतं. तुम्ही सावकाश मोजता म्हणून तुमचं पंच्याण्णवलाच संपेल. तुम्हाला कितवी ओळ दिसते ते खरं सांगा. तिथे खोटं चालत नाही, बाई पट्टी लावून बघतात.


९ एप्रिल

चि. कारकून आणि चि. भिंगरी,
आशीर्वाद.

शिंपी लिहितोय. त्याच्याशी चार दिवस बोललो नाही, मग चहाची पंचाईत झाली म्हणून बोललो.

भिंगरीला सांग, समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे हे मला दिसतं, कारण ते मीच लावलंय. किती वाजले ते टोल ऐकून सांगतो. हे खरं उत्तर आहे. धुकं दोन वर्षांपासून आहे. आधी उजव्यात होतं, पावसाळ्यापासून डाव्यातही. मला वाटलं जुनाच पाहुणा आहे, म्हातारपणी त्याचा आवाज बसला असेल. जुने थेंब घालत राहिलो. तुझ्या वहीसारखंच माझंही झालं म्हणायचं, फक्त मी लिहून ठेवलं नाही.

येतो. अठराच्या सकाळी शिंपी मला गाडीत बसवून देईल. घ्यायला तू ये, जावयाला पाठवू नकोस, तो वाटेत खुशाली विचारतो आणि उत्तर ऐकत नाही. बाटल्या एकतीस सापडल्या. पिशवीत खुळखुळतात.

मामा


२३ मे

शिंपीदादांना
सप्रेम नमस्कार.

महिनाभर तुम्हाला काही कळवलं नाही याबद्दल क्षमा असावी. तुम्ही रोज मामाच्या दुकानाच्या कुलपाकडे बघत असाल. हे पत्र मी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आज आलेली गोष्ट तुम्हाला आधी सांगतेय, मामाला अजून सांगितलेली नाही. तसं का, ते शेवटी लिहिते.

एकोणीस एप्रिलला बाईंनी मामाला तपासलं. उजव्या डोळ्यात आतला पडदा दिसेनासा झाला होता इतकं गढूळ, डाव्यात कमी. त्यांनी सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि विचारलं, "हे दोन वर्षं तुम्हाला कोणी लिहून दिलं?" मामा म्हणाला, "तेहतिसाव्या वर्षी दिलं होतं, तेच पुढे चालू." बाई हसल्या नाहीत. थेंब बंद करायला सांगितले, कारण खरं काय आहे ते त्यांच्याखाली झाकलं जातं. रक्त तपासलं, छाती तपासली, जंतू सापडले नाहीत. मग सहा मे रोजी उजव्या डोळ्यातलं थोडं द्रव काढून तपासायला पाठवलं. मामा टेबलावर आडवा पडून मोठ्यानं उलटं मोजत होता. बाईंनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "वडीलधाऱ्यांनी सांगितलंय."

भिंगरी आणि तो दुपारभर एकत्र असतात. तिचे थेंब आता दिवसातून चारदा आहेत, घड्याळ बघून तो तिला हाक मारतो, म्हणजे घड्याळ ऐकून. तिच्या डोळ्यातली सूज पाच आठवडे शांत आहे. अशीच तीन महिने राहिली तर मोतीबिंदू काढायचा विचार होईल. डाव्याची नजर उजव्याइतकी होणार नाही, हे मी आता रडल्याशिवाय म्हणू शकते.

आज बारा वाजता अहवाल घ्यायला गेले. सोंग होतं. ती सूज नाही, रक्तपेशींचाच कर्करोग आहे, डोळ्यातला. डोक्याचं चित्र काढलं होतं त्यात काही नाही, आणि हे बाईंनी दोनदा सांगितलं, कारण तो तिथे पोचायच्या आत सापडणं हीच मोठी गोष्ट आहे. अजून वर्षभर थेंब घालत बसला असता तर, एवढं म्हणून त्यांनी पुढची वेळ लिहून दिली. उपचार सोमवारपासून. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, आधी आठवड्यातून दोनदा, मग लांबवत न्यायची, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. डाव्या डोळ्याची नजर बरीच परत येईल, उजव्याची सांगता येत नाही. औषध कुठलं, असं मी विचारलं तर नाव भिंगरीच्याच औषधाचं निघालं. तिला मांडीत, त्याला डोळ्यात. "एवढ्याशा जिवाला सुई कशाला" असं ज्यानं मला लिहिलं, त्याच्यासाठीही तीच सुई.

येताना मी हिशेब करत होते, की मामाच्या जूनच्या पत्रामुळे भिंगरीचं नुकसान झालं, आणि भिंगरीच्या नुकसानामुळे मामाचं सापडलं. मग थांबवला. तो हिशेब मांडला तर त्यात तिचा डोळा कामी आला असं लिहावं लागेल, आणि ते खरं नाही. तिचा डोळा कशाच्याही बदल्यात गेलेला नाही. वेळेवर दाखवला नाही म्हणून गेला.

मामानं पहिल्या दिवशीच सांगून ठेवलंय: "अहवाल आला की दुसऱ्या कोणाच्या आधी मला वाचून दाखव. गाळू नकोस, गोड करू नकोस. मला आता वाचता येत नाही म्हणून तुला काय वाटेल ते वाचशील." मी हो म्हटलं होतं. आणि तरी आज संध्याकाळी सांगणार नाहीये. आज भिंगरीच्या इंजेक्शनचा दिवस आहे, ती संध्याकाळी मळमळून पडून असते आणि तो तिच्या उशाशी बसून तिला चुकीची कोडी घालतो. ती एक संध्याकाळ त्यांची राहू दे, असं मला वाटतं. हे कारण आहे की सबब, हे माझं मलाच ठरवता येत नाही. म्हणूनच ते तुम्हाला लिहिलं. तुम्हाला कळल्यावर मला मागे फिरता येणार नाही. पाकीट आजच्या टपालानं जाईल.

दुकानाची किल्ली तुमच्याकडेच असू द्या. घड्याळांना किल्ली द्यायची गरज नाही असं तो म्हणतो, पण आवाजावरून मला तसं वाटत नाही.

उद्याचं काम: सकाळी चहाच्या आधी मामाजवळ बसून अहवाल पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणे.